प्रकल्प नोंदी: दूध संकलन सॉफ्टवेअर, आवृत्ती २.३ नंतरचे बग

२ सप्टेंबर २०२५

२.३ बाहेर पडून आठवडा होत आला. गिटहबवर, म्हणजे जिथे आमचा कोड आणि तक्रारी ठेवतो तिथे, एकही नवीन इश्यू (तक्रारीची नोंद) नाही. व्हॉट्सॲपवर मात्र रीघ लागली आहे.

नव्याने हात लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: हे सॉफ्टवेअर गावातल्या छोट्या दूध संस्थांसाठी आहे. सभासदाने दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकायचं, पावती काढायची, दर दहा दिवसांनी बिल छापायचं. पायथनमध्ये लिहिलंय, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, परवाना जीपीएल ३, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. आम्ही तिघं: मी कोल्हापुरात राजारामपुरीत, एक जण गडहिंग्लजला, आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक पोरगा. पगार कुणालाच नाही.

आजचे तीन निरोप जसेच्या तसे: "सॉफ्टवेअर येड्यागत कराय लागलंय." "मशीन बंद पडालंय, बगा की जरा." तिसऱ्यात मजकूरच नाही, स्क्रीनचा तिरपा फोटो आणि त्यावर ट्यूबलाइटची चमक.

४ सप्टेंबर

बग कळवायचा जो अर्ज आम्ही गिटहबवर ठेवलाय तो आज पुन्हा उघडून वाचला. "अपेक्षित वर्तन", "प्रत्यक्ष वर्तन", "पुनरुत्पादनाच्या पायऱ्या". मोठ्या प्रकल्पांचा अर्ज बघून मराठीत उतरवला होता. पहाटे उठून काट्यावर उभा राहणारा सचिव हे कशाला भरेल? आजवर एकानेही भरलेला नाही, आणि जे आले ते रिकामे ठेवून खाली "फोन करा" लिहिलेले.

तिथे ही पद्धत का चालते तेही उघड आहे. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं बग नोंदवायचं बगझिला १९९८ पासून खुलं आहे, पण तिथे कळवणारे बरेच जण स्वतः प्रोग्रामर, नाहीतर कळवून कळवून तयार झालेले. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात बग ईमेलने जातो, ठरावीक ओळींसह. आमच्या वापरणाऱ्यांना ईमेल म्हणजे मुलाने मोबाईलमध्ये कधीतरी काढून दिलेली गोष्ट.

ठरवलं ते असं. इश्यू आम्ही लिहायचा, त्यांनी फक्त सांगायचं. फोनवर विचारायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावलंय: कुठल्या सभासदाच्या नंबराला झालं? सकाळचं की संध्याकाळचं संकलन? घड्याळात किती वाजले होते? काल नीट चाललं होतं का? मध्ये काय बदललं, म्हणजे वायर, संगणक, माणूस, काहीही? आणि शेवटी, पावतीचा फोटो पाठवा.

"काय अडचण आहे?" हा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही. त्यावर नेहमी निदानच हातात येतं, लक्षण नाही. "व्हायरस आलाय" हे निदान. "चौदा नंबरची पावती दोनदा निघाली" हे लक्षण. निदान ऐकून घ्यायचं, कारण माणूस मनापासून सांगत असतो, पण इश्यूच्या वरच्या ओळीत लक्षणच लिहायचं.

५ सप्टेंबर

हातकणंगलेकडच्या एका संस्थेतल्या उत्साही पोराने स्वतः गिटहबवर खातं काढून इश्यू टाकला. आनंद झाला, पण फोटो उघडल्यावर तो टिकला नाही. बिलाची अख्खी यादी: सभासदांची नावं, बँक खाते क्रमांक, कुणाला किती पैसे, सगळं जगाला दिसेल असं.

तो इश्यूच काढून टाकला. नुसता मजकूर बदलून भागत नाही, जुनी प्रत बदलांच्या इतिहासात दिसत राहते. पोराला फोन केला. रागवण्यासारखं काही नव्हतं; आम्हीच "स्क्रीनशॉट जोडा" म्हणतो आणि काय झाकायचं ते सांगत नाही.

कॉलेजच्या पोराने संध्याकाळीच "तपासणीसाठी प्रत" नावाचं बटण करायला घेतलं. दाबलं की डेटाबेसची प्रत निघते. त्यात नावांच्या जागी "सभासद १४", खाते क्रमांक आणि मोबाईल रिकामे, पण लिटर, फॅट, वेळा सगळं मूळ. मी एकच आग्रह धरला: सभासद क्रमांक बदलायचे नाहीत. फोनवर सचिव नंबरानेच बोलतो. नंबर बदलले की आमचं आणि त्यांचं बोलणं जुळणारच नाही.

९ सप्टेंबर

आज इंग्रजीतून एक सुरक्षा अहवाल आला. देखणा. मथळे, तीव्रतेचे गुण, "हल्ल्याचा संभाव्य मार्ग", दुरुस्तीच्या शिफारशी. आमच्या कुठल्याशा फंक्शनमधून एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे डेटाबेसला बाहेरून चोरट्या आज्ञा, करता येतं असं म्हणणं. ते फंक्शन आमच्या कोडमध्ये नाही. कधीच नव्हतं, कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या गिटचा सगळा इतिहास चाळला. कुठली ओळ, एवढंच विचारलं, तर उत्तरादाखल आणखी एक देखणं पान आलं. बंद केला.

हे दुखणं आमचं एकट्याचं नाही. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या खुल्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग जानेवारी २०२४ पासून यंत्राकडून लिहून घेतलेल्या अशा अहवालांबद्दल जाहीर तक्रार करत आहेत. त्यांच्याकडे असला अहवाल खोटा ठरवायला जाणत्या माणसांचे तास जातात. माझी संध्याकाळ गेली, आणि तेवढ्या वेळात गारगोटीचा एक फोन घ्यायचा राहिला.

१२ सप्टेंबर

राधानगरी तालुक्यातल्या एका संस्थेचे सचिव. त्यांचा आवाजी निरोप ऐकून तसाच उतरवून घेतोय:

"साहेब, सकाळी जे पयल्यांदा येत्यात न्हवं, त्येंचं दूध कालच्या तारखंला पडालंय. पावती बरोबर निघत्या. रजिस्टरला बगितलं की गायब. मागनं येणाऱ्यांचं समदं ठीक. काट्याच्या वायरीचा घोळ हाय, वायर बदलून बगितली, तरी तसंच. काल तर लई गोंधळ झाला, माणसं भांडाय लागली."

मागोमाग फोटो. पावत्यांचा एक, आदल्या तारखेच्या रजिस्टरचा एक. दोन्ही सरळ धरून, उजेडात काढलेले.

फोन केला. कागदावरचे प्रश्न विचारायची गरज फारशी पडली नाही, माणसाने निम्म्याची उत्तरं आधीच दिली होती. काल लई गोंधळ का? तर काल ११ तारीख. १ ते १० चं बिल दहाच्या संध्याकाळी छापून वाटलेलं. ११ च्या सकाळी लवकर आलेल्यांचं दूध १० तारखेला पडलं, म्हणजे ते ना छापलेल्या बिलात, ना पुढच्या बिलात. एरवी एका दिवसाने मागे-पुढे झालं तरी दहा दिवसांच्या बेरजेत फरक दिसत नाही, म्हणून इतके दिवस कुणी बोललं नाही.

इश्यू लिहिला. मथळा: "सकाळी लवकर झालेल्या नोंदी आदल्या तारखेला जातात, पावती बरोबर, रजिस्टर चूक." तीव्रता: सर्वांत वरची. पैशाचा प्रश्न आहे.

१३ सप्टेंबर

रात्री पावत्यांचा फोटो मोठा करून पाहत बसलो. पावतीवर वेळ छापलेली असते. चुकीच्या तारखेला गेलेल्या पावत्या: ५:०९, ५:१४, ५:२१, ५:२७. बरोबर तारखेला पडलेली पहिली पावती: ५:३१.

साडेपाच. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचपर्यंत जागतिक वेळेत अजून कालचीच तारीख चालू असते.

वायरीचं निदान साफ चुकलं होतं, आणि पाहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. "पयल्यांदा येत्यात त्येंचं" या तीन शब्दांत बग बसला होता. हे वाक्य त्या अर्जाच्या कुठल्या रकान्यात बसलं असतं कुणास ठाऊक.

एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाचं प्रकरण इथे आठवतंच. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायची सोय) आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं होतं. माग काढत गेल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार सापडलं. तिथे पाहणारा आणि शोधणारा एकच माणूस होता. आमच्याकडे पाहणारा राधानगरीत आणि शोधणारे इकडे, मधे फोनची रेंज.

१४ सप्टेंबर

गिट बायसेक्ट, म्हणजे बिघाड कुठल्या बदलात शिरला ते शोधायचं साधन, लावलं. २.२ मध्ये चालत होतं, २.३ मध्ये चालत नाही, मधे साठेक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल. दर फेरीला निम्मे बाद होतात, म्हणजे साठांसाठी सहा फेऱ्या पुरतात. त्यासाठी आधी बग हातात धरता यायला हवा. संगणकाचं घड्याळ पहाटे ५:१० वर नेऊन एक नोंद करायची आणि तारीख पाहायची, एवढी छोटी स्क्रिप्ट केली.

सापडलेला कमिट दिसायला निरुपद्रवी. आधी नोंदीची वेळ पायथन देत होतं, स्थानिक घड्याळाची. कोड आटोपशीर करताना ते काढून डेटाबेसलाच सांगितलं की नोंदीची वेळ तूच घाल, करंट टाइमस्टॅम्प. एसक्यूलाइट ती वेळ जागतिक वेळेत घालतं. त्यांच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पावती मात्र अजूनही संगणकाच्या घड्याळावरून छापली जात होती, म्हणून ती बरोबर. आणि रजिस्टरच्या पडद्यावर तारीख आणि सकाळ-संध्याकाळ एवढंच दिसतं, वेळ दिसत नाही; दिसली असती तर साडेपाच तासांचा फरक पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी डोळ्यांत भरला असता.

चाचण्या का पास झाल्या? दोन कारणं. चाचणीतली नमुना नोंद सकाळी सातची. आणि आपोआप चाचण्या चालवणारे गिटहबचे संगणक स्वतःच जागतिक वेळेवर असतात, तिथे स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ एकच. तिथे हा बग दिसणंच शक्य नव्हतं. आता चाचण्यांच्या सुरुवातीलाच वेळक्षेत्र "एशिया/कोलकाता" असं बांधून टाकलंय आणि ५:२९ व ५:३१ अशा दोन नोंदी कायमच्या घातल्या आहेत.

इतर संस्थांतून का आलं नाही? बहुतेकांचं संकलन साडेपाचनंतर सुरू होतं. पण जुने निरोप पुन्हा चाळले तर आणखी दोघांचं दुखणं हेच निघालं. एकाने कळवलं होतं, "चौदा नंबर रजिस्टरला एका सकाळी दोनदा दिसतो." दुसऱ्याने, "सभासद म्हणतो बिल कमी आलंय, आमचा हिशेब बरोबर हाय." एकाच बगाची ही तीन तोंडं; शब्दांवरून कुणालाही जोडता आली नसती. तीनही इश्यू एकमेकांना जोडले, पण "आधीच कळवलेला" म्हणून बंद केले नाहीत. दुरुस्तीनंतर तिघांनाही वेगवेगळं विचारायचंय.

१६ सप्टेंबर

कोड दुरुस्त करणं तासाभराचं काम. बिघडलेला डेटा सरळ करणं हे खरं काम.

एकाच तक्त्यात आता दोन प्रकारच्या वेळा आहेत: २.२ पर्यंतच्या स्थानिक, २.३ नंतरच्या जागतिक. सरसकट साडेपाच तास मिळवले तर जुन्या नोंदी बिघडतील. नवी आवृत्ती कधी चढवली ती तारीख धरावी तर काही संस्थांनी पेनड्राइव्हवरून फोल्डर उचलून टाकलाय, त्यांच्याकडे तशी नोंद नाही.

गडहिंग्लजच्या भिडूने मार्ग काढला. नोंदीत सकाळ-संध्याकाळ हे सचिव स्वतः निवडतो, ते बरोबरच असणार. पहाटे पाच ते आठ हे जागतिक वेळेत रात्री साडेअकरा ते अडीच होतात. "सकाळचं संकलन" आणि वेळ रात्री पावणेबारा, असं दूध कोल्हापूर जिल्ह्यात कुणी घालत नाही. तसंच संध्याकाळी पाच ते आठचं दुपारी साडेअकरा ते अडीच. दोन्हींत गल्लत व्हायला जागाच नाही. भारतात वर्षभर एकच वेळ, घड्याळ मागे-पुढे करायची भानगड नाही, हे नशीब.

नोंदी आपोआप बदलायच्या नाहीत असं मात्र ठरवलं. दुरुस्ती आधी यादी दाखवेल: हा सभासद, ही तारीख, अशी होणार. सचिव "हो" म्हणेल तेव्हाच. छापलेल्या बिलांना हात नाही. राहिलेलं दूध पुढच्या बिलात "मागील बाकी" म्हणून वेगळ्या ओळीत येईल. लेखापरीक्षकासमोर ते वही ठेवतात, आम्ही नाही.

तारखेबद्दल एक वाद झाला तोही नोंदवतो. कॉलेजचा पोरगा म्हणाला, "दादा, सगळीकडे सांगतात, साठवताना जागतिक वेळ, दाखवताना स्थानिक." सर्व्हरसाठी खरंय. पण दूध कुठल्या तारखेचं हा हिशेबाचा प्रश्न आहे, क्षणाचा नाही. वीज गेली, संकलन वहीवर झालं आणि नोंदी दुपारी चढवल्या, तरी दूध सकाळचंच. म्हणून संकलनाची तारीख आता वेगळ्या रकान्यात, सचिवाला दिसेल अशी. नोंद कधी चढली ती वेळ बाजूला, जागतिक वेळेत. दोघांचंही राहिलं.

१८ सप्टेंबर

२.३.१ बाहेर. आधी राधानगरीलाच दिली. दोन दिवस पहाटेच्या नोंदी बघून त्यांनी "आता बराबर" कळवल्यावरच बाकीच्यांना.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दुरुस्तीच्या कमिटखाली "रिपोर्टेड-बाय" अशी ओळ असते, कळवणाऱ्याच्या नावाची. आम्हीही "कळवणारे" अशी ओळ सुरू केली. सचिवांना विचारलं, नाव घालू का? म्हणाले, "माजं कशाला, संस्थेचं घाला, अध्यक्ष खूश होतील." संस्थेचं घातलं.

२२ सप्टेंबर

कागलकडून: "दर पानाला एक-दोन पैसे कमी येत्यात." हे सचिव बिल हाताने तपासतात, रोज.

उदाहरण घेऊन पाहिलं. अडीच लिटर, समजा दर ५०.२५, गुणाकार १२५.६२५. हाताने कुणीही १२५.६३ लिहील. पायथन ३ देतं १२५.६२, कारण बरोबर अर्ध्यावर आलं की ते सम अंकाकडे वळतं. लाखो आकड्यांच्या बेरजेत कल एका बाजूला झुकू नये म्हणून ही रीत, आणि तिच्यात गैर काही नाही. त्यावर दशांशाचा द्विमानातला घोळ वेगळा, संगणक शून्य-एकमध्ये बरेच दशांश नेमके साठवू शकत नाही: २.६७५ दोन स्थळांवर आणायला सांगितलं तर २.६७ येतं, हे उदाहरण पायथनच्या स्वतःच्या कागदपत्रांतच दिलंय.

मग हा बग आहे का? भाषेच्या नियमाने नाही. पण संस्थेच्या वहीत अर्ध्याला वर घ्यायचं ही रीत आहे आणि उत्पादक त्याच रीतीने बोटांवर मोजतो. तेव्हा आहे. पैशाचा सगळा हिशेब दशांश नेमके ठेवणाऱ्या पायथनच्या डेसिमलमध्ये नेला, अर्ध्याला वर. जुनी बिलं तशीच.

२९ सप्टेंबर

"माहिती हवी" म्हणून लटकलेले इश्यू आज बघितले. लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातही अशी स्थिती असते, कळवणाऱ्याकडून उत्तराची वाट पाहणारी. ठरावीक दिवस उत्तर आलं नाही की आपोआप बंद करणारा बॉट बसवू या असं गडहिंग्लजचं म्हणणं. मी नको म्हटलं. आमच्या माणसाला बॉटची सूचना पोचतच नाही. त्याच्या दृष्टीने त्याने फोनवर सांगितलंय आणि काम आमच्याकडे आहे. फोन करून विचारायचं, दुसऱ्यांदा तसं झालं नसेल तर त्यांच्या संमतीने बंद. आज केलेल्या फोनांतून "मशीन बंद पडालंय" उलगडलं: यूपीएसची बॅटरी गेली होती. आमचा बग नाही, पण त्या संस्थेत वीज गेल्यावर डेटा शाबूत राहिला हे कळलं, तेवढं बरं.

६ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर, त्यामुळे फरक. वर्षभराच्या दुधावर लिटरमागे इतके पैसे, असा दर फरक वाटायचा असतो, आणि सगळ्यांना तो सॉफ्टवेअरमधून काढून हवाय. निरोपांचा सूर बगासारखा: "फरक निघत न्हाई, लवकर दुरुस्त करा." ही सोय सॉफ्टवेअरमध्ये कधी नव्हतीच. डेबियनच्या तीव्रतेच्या उतरंडीत सगळ्यात खाली "विशलिस्ट" असते, तिथे जाईल ही मागणी. पण ऑक्टोबरात सचिवाला ते सांगून उपयोग काय?

दोन आठवड्यांत नवीन भाग लिहून पैशाच्या हिशेबात घुसवायचा नाही, यावर तिघंही ठाम. त्याऐवजी सभासदवार वर्षाचं लिटर एका तक्त्यात काढून देणारं बटण केलं. पुढचा गुणाकार एक्सेलमध्ये, आपल्या डोळ्यांदेखत. कागलच्या सचिवांना हेच जास्त आवडलं.

९ ऑक्टोबर

भुदरगडातल्या एका संस्थेत २.३.१ उघडतच नाही. कागदावरचे प्रश्न विचारले, पडद्याचा फोटो मागवला. विंडोज ७. पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर चालत नाही, आणि २.३ पासून आम्ही नवीन पायथन घेतलंय. म्हणजे ते अजून २.२ वरच आहेत आणि साडेपाचच्या बगापासून आपसूक वाचले. अर्धा पैसा वर घ्यायची दुरुस्ती आणि "तपासणीसाठी प्रत" मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

नवा संगणक घ्या म्हणणं सोपं. त्यांच्या सभेत ठराव मार्चआधी येणार नाही. पायथन ३.८ ची देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, त्यावर कायमचं राहणं धोक्याचं. पण तो संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. मार्चपर्यंत ३.८ वर एक वेगळी बांधणी देऊ, फक्त अर्धा पैसा वर घ्यायची दुरुस्ती घालून. बांधणी गडहिंग्लज करणार, पेनड्राइव्ह रविवारी पोरगा घेऊन जाणार. इश्यू उघडा.